थांबायचं की गेम बोलायचा? या एका प्रश्नावर साम्राज्य उभं करणारा ईली कल्बर्टसन

डिसेंबर १९३१. अमेरिकेत मंदीने कहर केला होता. बँका बुडत होत्या, नोकऱ्या जात होत्या, मोफत सूप मिळावं म्हणून लोक रांगा लावत होते. आणि त्याच दिवसांत न्यूयॉर्कच्या चॅथम हॉटेलमध्ये चार माणसं पत्ते खेळत होती, त्याच्या बातम्या थेट पहिल्या पानावर छापून येत होत्या.

पैशांचा जुगार नव्हता. हरणाऱ्याने धर्मादाय संस्थेला रक्कम द्यायची होती. वाद वेगळाच होता. हातात तेरा पत्ते आल्यावर किती बोलायचं, कुठे थांबायचं आणि कधी उडी मारायची, हे कुणाच्या पद्धतीने ठरवायचं?

हा वाद पेटवणारा माणूस म्हणजे ईली कल्बर्टसन. एकेकाळी ब्रिज म्हटलं की हेच नाव घेतलं जायचं. आज ब्रिज खेळणारे सोडले तर ते फारसं कुणाला आठवत नाही.

आधी खेळ समजून घेऊ

तुम्ही मेंढीकोट खेळला असाल, पाच-तीन-दोन खेळला असाल, तर ब्रिजचा अर्धा पाया तुम्हाला माहितीच आहे. चार जण, समोरासमोर बसलेले दोन-दोन भिडू, प्रत्येकाला तेरा पत्ते. एकाने पान टाकायचं, बाकीच्यांनी त्याच रंगाचं टाकायचं, मोठं पान हात नेणार. हुकूम असेल तर हुकूम मारायचा. एकूण हात तेरा.

फरक आहे तो बोलीचा. पाच-तीन-दोनमध्ये कुणी किती हात करायचे हे खेळाचा नियमच ठरवतो. ब्रिजमध्ये ते तुम्ही ठरवता. पहिले सहा हात धरलेलेच असतात, त्यावर किती करणार ते बोलायचं. म्हणजे ‘चार इस्पिक’ बोललात तर इस्पिक हुकूम आणि तुम्हाला दहा हात करायचे. नऊच झाले तर तुम्ही पडलात.

आता ‘गेम’ म्हणजे काय? बोललेल्या हातांचे मिळून १०० गुण झाले की गेम. इस्पिक आणि बदामाला प्रत्येक हाताचे ३०, म्हणून चार बोलावे लागतात. चौकट आणि किलवरला २०, म्हणून पाच. हुकमाशिवाय खेळलात तर पहिल्या हाताचे ४० आणि पुढे ३०, म्हणून तीन पुरतात. गेमला घसघशीत बक्षीस असतं. त्याखाली थांबलात तर किरकोळ गुण.

२०१८ च्या जकार्ता एशियाडमध्ये प्रणब बर्धन आणि शिबनाथ सरकार या जोडीने भारताला सुवर्णपदक मिळवून दिलं, तो हाच खेळ.

एका बोटीवर खेळ बदलला

गंमत अशी की आधीच्या ऑक्शन ब्रिजमध्ये हा प्रश्न इतका टोकदार नव्हता. तिथे दोनच बोललात पण हात दहा केलेत, तरी गेम मिळायचा. त्यामुळे कमी बोलून बोली जिंकायची आणि होतील तितके हात करायचे, एवढं पुरायचं.

१९२५ च्या शरद ऋतूत अमेरिकन उद्योगपती हॅरोल्ड व्हँडरबिल्ट मित्रांसोबत ‘फिनलंड’ नावाच्या बोटीतून लॉस एंजेलिसहून पनामा कालव्यामार्गे हवानाला निघाला होता. त्या प्रवासात त्याने गुणांची नवी पद्धत बसवली. नियम साधा होता. जेवढं बोलाल तेवढंच गेमसाठी धरलं जाईल. फ्रान्समध्ये प्लाफाँ नावाच्या खेळात ही कल्पना आधीपासून होती. व्हँडरबिल्टने तिला मोठी बक्षिसं आणि मोठे दंड जोडले. ज्यांचा एक गेम आधीच झाला आहे त्यांना ‘व्हल्नरेबल’ म्हणायचं आणि त्यांचा दंड वाढवायचा, हेही तिथेच ठरलं. हा शब्द बोटीवरच्या एका तरुणीने सुचवला होता.

कॉन्ट्रॅक्ट ब्रिज जन्माला आला आणि त्यासोबत घरोघरच्या टेबलांवर एक नवी भीती आली. दोनवर थांबलो आणि दहा हात झाले तर हळहळ. चार बोललो आणि नऊच झाले तर दंड. शिवाय समोर बसलेल्या भिडूच्या हातात काय आहे ते दिसत नाही. तो नुसता अंदाज करायचा.

अंदाजाला आधार हवा होता. तो विकायला कल्बर्टसन तयारच बसला होता.

कोण होता हा माणूस?

ईलीचा जन्म २२ जुलै १८९१ चा, रोमानियातला. वडील अल्मन कल्बर्टसन अमेरिकन खाण अभियंता, कॉकेशसमधल्या तेलाच्या धंद्यात गुंतलेले. आई झेनिया रशियन, कोसॅक सेनानीच्या घरातली. त्यामुळे पोराचं नागरिकत्व अमेरिकन, बालपण रशियातलं आणि पुढचं शिक्षण जिनिव्हा-पॅरिसमधलं. सहा-सात भाषा त्याला सहज यायच्या.

तरुणपणी क्रांतिकारकांच्या नादाला लागलो, तुरुंगात गेलो, मेक्सिको आणि स्पेनमधल्या उठावांत उतरलो, असं त्याने १९४० च्या आत्मचरित्रात रंगवून सांगितलं आहे. त्यात तिखटमीठ किती हे त्यालाच ठाऊक. पण एक गोष्ट पक्की. १९१७ च्या रशियन क्रांतीने घरची संपत्ती धुऊन नेली आणि त्याने पुढची काही वर्षं पॅरिस आणि युरोपातल्या इतर शहरांत पत्त्यांवर गुजराण केली.

१९२१ मध्ये तो अमेरिकेत आला तेव्हा खिसा जवळजवळ रिकामाच होता. न्यूयॉर्कच्या पत्त्यांच्या क्लबांत त्याची ओळख जोसेफीन डिलनशी झाली. जोसेफीन ब्रिजची नावाजलेली शिक्षिका होती आणि देशातल्या उत्तम महिला खेळाडूंमध्ये तिची गणना व्हायची. १९२३ मध्ये दोघांनी लग्न केलं.

ही जोडी अफलातून होती. तो नाटकी, भांडकुदळ, धोका पत्करणारा. ती शांत आणि टेबलावर भरवशाची. प्रतिष्ठित घरांची दारं आधी उघडली ती तिच्यासाठी. तिच्या मागोमाग तो आत शिरला.

पत्ते मोजायचे कसे?

कल्बर्टसनने ओळखलं की सामान्य खेळाडूला बुद्धिमत्ता विकत घेता येत नाही, पण पद्धत विकत घेता येते. म्हणून त्याने एक हिशेब बसवला. नाव ‘ऑनर ट्रिक’, म्हणजे मोठ्या पानांनी मिळणारे हमखास हात.

एक्का असेल तर एक. एकाच रंगाचा राजा आणि राणी असतील तर एक. एक्का-राणी दीड. एक्का-राजा दोन. राजाजवळ एखादं लहान पान असेल तर अर्धा. हातात साधारण अडीच भरले की बोली सुरू करायची. आणि पूर्ण गड्डीत असे सुमारे आठच हात असतात, हे लक्षात ठेवायचं. म्हणजे तुमच्याकडे तीन आहेत आणि विरोधकांच्या बोलीवरून त्यांच्याकडे तीन दिसत आहेत, तर भिडूकडे जेमतेम दोन उरतात. न दिसणाऱ्या पत्त्यांचाही अंदाज बांधता येऊ लागला.

पण त्याहून मोठी गोष्ट होती बोलीतून होणाऱ्या संवादाची. बोली ही फक्त बोली नसून भिडूला दिलेला निरोप आहे, यावर त्याची सगळी पद्धत उभी होती. काही बोली अशा की भिडूला गप्प बसता येणार नाही. दोनने सुरुवात केली म्हणजे हात इतका तगडा, की गेम होईपर्यंत दोघांनीही थांबायचं नाही. भिडूच्या एक इस्पिकवर थेट तीन इस्पिक म्हटलं तरी तेच, चारपर्यंत जायचंच. याउलट साधं दोन म्हटलं तर अर्थ असा, की मदत आहे पण बेताची, पुढचं तू ठरव.

इथे ‘गेम बोलू का?’ हा प्रश्न एकट्याच्या डोक्यातून निघून दोघांच्या संभाषणात आला. एकाने आपली ताकद सांगायची, दुसऱ्याने बेरीज करायची. आजही जगभरातल्या ब्रिजच्या टेबलांवर हेच चालतं, फक्त बेरजेची मापं बदलली आहेत.

मग धोका कधी पत्करायचा?

हा भाग आकड्यांनीच समजतो. आजच्या स्पर्धांमधल्या गुणांवर पाहू. समजा तुम्ही व्हल्नरेबल आहात आणि तुमचे नऊ होतील की दहा, एवढाच प्रश्न आहे.

दोन इस्पिकवर थांबलात आणि दहा हात झाले, तर १७० गुण. चार बोलून दहा केलेत तर ६२०. म्हणजे धाडसाचा फायदा ४५०.

आता उलट बाजू. चार बोललात आणि नऊच झाले, तर उणे १००. दोनवर थांबून तेच नऊ केले असते तर १४० मिळाले असते. म्हणजे धाडसाचा तोटा २४०.

फायदा ४५०, तोटा २४०. हिशेब केलात तर शंभरातून साधारण ३५ वेळा गेम होत असेल, तरी बोलणं परवडतं. तीनपैकी जवळपास दोन वेळा पडूनही तुम्ही नुकसानीत नाही! व्हल्नरेबल नसाल तर बक्षीस कमी, फायदा २५० आणि तोटा १९०. मग शंभरातून साधारण ४३ वेळा तरी गेम व्हायला हवा. म्हणजे दंड जास्त असतानाच गेमसाठी जास्त धाडस करावं, कारण बक्षीस त्याहून जास्त वाढलेलं असतं. नवख्या खेळाडूला नेमकी हीच गोष्ट उलटी वाटते.

अर्थात, यात एक अट आहे. विरोधकांनी तुम्हाला ‘डबल’ दिलं किंवा एकाऐवजी दोन-तीन हातांनी पडलात, की हे गणित कोसळतं. कल्बर्टसनने त्यासाठीही दोन-तीनचा नियम दिला. बचावासाठी चढती बोली लावायची असेल, तर व्हल्नरेबल असताना दोन आणि नसताना तीन हातांपेक्षा जास्त पडणार नाही एवढीच उडी मारायची.

चार इस्पिक आणि एक खून

२९ सप्टेंबर १९२९ च्या रात्री कॅन्सस सिटीत बेनेट नावाचं दाम्पत्य शेजारच्या जोडप्यासोबत ब्रिज खेळत होतं. नवऱ्याने एक इस्पिकने सुरुवात केली, बायकोने ते चारवर नेलं. गेमची बोली. नवरा पडला. बायकोने त्याच्या खेळावर टीका केली, त्याने तिच्यावर हात उचलला. तिने घरातलं पिस्तूल आणलं आणि त्या रात्री नवऱ्याचा जीव गेला. १९३१ मध्ये खटला चालला आणि ज्युरीने तिला निर्दोष सोडलं.

एका घराचा विध्वंस झाला होता. कल्बर्टसनला त्यात जाहिरात दिसली. त्याच सुमारास, ऑक्टोबर १९२९ मध्ये, त्याचं ‘द ब्रिज वर्ल्ड’ हे मासिक सुरू झालं होतं. त्या रात्रीचा म्हणून जो डाव छापला गेला, तो खरा होता की नंतर रचलेला, यावर आजही शंका घेतली जाते. पण त्याने त्या डावाचं विश्लेषण करून सांगितलं, की दोघं आपली पद्धत वापरत असते तर बोली तिथे गेलीच नसती आणि नवरा वाचला असता.

हे निर्दयी होतं, यात वाद नाही. पण तो माणसं ओळखून होता. ब्रिज विकायचा तर लोकांच्या भीतीला आणि नवरा-बायकोतल्या ताणाला हात घालायचा, हे त्याने ठरवून केलं होतं आणि पुढे उघडपणे मान्यही केलं.

लंडन आणि मग न्यूयॉर्क

१९३० मध्ये ब्रिटनचा लेफ्टनंट कर्नल वॉल्टर बुलर म्हणाला, की असले संकेत वगैरे सगळं थोतांड आहे, साध्या सरळ बोलीने आम्ही अमेरिकनांना धूळ चारू. कल्बर्टसनने आव्हान लगेच उचललं. ईली, जोसेफीन, थिओडोर लाइटनर आणि वाल्डेमार फॉन झेडट्विट्झ लंडनला गेले आणि २०० डावांच्या सामन्यात ४,८४५ गुणांनी जिंकून परतले. त्याच वर्षी आलेल्या त्याच्या ‘ब्लू बुक’ला ही जाहिरात फुकटात मिळाली. पुस्तक तुफान खपलं.

आता अमेरिकेतले जुने जाणकार हादरले. त्यातल्या बारा जणांनी एकत्र येऊन स्वतःची ‘ऑफिशियल’ पद्धत काढली. कल्बर्टसनने त्यांच्या वतीने खेळणाऱ्या सिडनी लेन्झला आव्हान दिलं. पैज अशी, की आपण हरलो तर ५,००० डॉलर दान देऊ, लेन्झ हरला तर त्याने १,००० द्यायचे. सामना १५० रबरांचा. दोन गेम आधी करेल त्याचं एक रबर.

७ डिसेंबर १९३१ ला सुरू झालेल्या या सामन्याला वर्तमानपत्रांनी शतकातली ब्रिजची लढाई ठरवलं. पंच होता आल्फ्रेड ग्रुएंथर नावाचा तरुण लष्करी अधिकारी. हाच पुढे १९५३ मध्ये नाटोचा युरोपातला सरसेनापती झाला.

कल्बर्टसन टेबलावर उशिरा यायचा, एकेका पानावर खूप वेळ लावायचा, समोरच्याचं डोकं तापेल असं वागायचं. लेन्झचं तापलंही, पण ते स्वतःच्याच भिडूवर. तरुण ऑस्वल्ड जेकोबी त्याच्या बोलण्याला कंटाळला आणि १०३ रबरांनंतर उठून गेला. त्याच्या जागी दुसरा भिडू आणावा लागला. जानेवारी १९३२ मध्ये सामना संपला, तेव्हा कल्बर्टसनची बाजू ८,९८० गुणांनी पुढे होती.

खरं सांगायचं तर एवढ्या सामन्यातून कोणती पद्धत श्रेष्ठ हे सिद्ध होत नाही. त्यात पत्त्यांच्या नशिबाचा वाटा बराच असतो. पण लोकांनी निकाल लावून टाकला होता. त्यानंतर पुस्तकं, वर्तमानपत्रांतले स्तंभ, रेडिओ, छोटे चित्रपट, देशभर पसरलेले प्रमाणित शिक्षक, सगळीकडे कल्बर्टसनच. ऐन मंदीत लाखो लोक त्याच्याकडून धोका मोजायला शिकत होते. १९३५ मध्ये हॅल आणि डोरोथी सिम्स या दाम्पत्याविरुद्धही १५० रबरं झाली आणि कल्बर्टसन दाम्पत्य १६,१३० गुणांनी जिंकलं.

उतार

१९३७ मध्ये बुडापेस्टला जागतिक स्पर्धा झाली. कल्बर्टसनचा संघ अंतिम सामन्यात ऑस्ट्रियाकडून हरला. ऑस्ट्रियाच्या विजयामागे डॉ. पॉल स्टर्न यांची व्हिएन्ना पद्धत होती. पुढच्याच वर्षी हिटलरने ऑस्ट्रिया गिळला आणि स्टर्न यांना लंडनला पळून जावं लागलं.

कल्बर्टसनलाही ते सावट दिसत होतं. १९३८ मध्ये त्याचा आणि जोसेफीनचा घटस्फोट झाला. त्यानंतर मोठ्या सामन्यांतून त्याने अंग काढून घेतलं आणि पत्त्यांतून कमावलेला वेळ आणि पैसा एका वेगळ्याच गोष्टीवर लावला. ती गोष्ट म्हणजे जागतिक शांतता!

त्याची योजना अशी, की एक जागतिक संघराज्य असावं आणि त्याचं स्वतःचं सैन्य असावं. प्रत्येक देशाचा त्यातला वाटा आधीच ठरलेला, म्हणजे कुठलाही एक देश बाकीच्यांना दडपू शकणार नाही. १९४३ मध्ये त्याने यावर ‘टोटल पीस’ हे पुस्तक लिहिलं. ज्याने आयुष्यभर चार खेळाडूंमधली ताकद मोजली, तो आता देशांची ताकद मोजत होता. काहींनी योजना गंभीरपणे वाचली, काहींनी पत्तेवाल्याचं खूळ म्हणून सोडून दिली. प्रत्यक्षात ती उतरली नाही.

तोवर इकडे ब्रिजचं टेबल बदललं होतं. फिलाडेल्फियाचा वकील चार्ल्स गोरेनने १९४९ मध्ये गुण मोजण्याची सोपी पद्धत लोकप्रिय केली. एक्का ४, राजा ३, राणी २, गुलाम १. दोघांचे मिळून २६ भरले की गेम बोला. आज बरेच जण २५ वरही जातात. दीड आणि अर्ध्याच्या बेरजांपेक्षा हे कुणालाही चटकन जमणारं होतं. लोक झपाट्याने गोरेनकडे वळले. कल्बर्टसनने ज्या कारणाने जुन्या जाणकारांना हरवलं होतं, त्याच कारणाने तो मागे पडला. समोर त्याच्याहून सोपी पद्धत आली होती.

२७ डिसेंबर १९५५ रोजी व्हरमाँट राज्यातल्या ब्रॅटलबरो इथे त्याचं निधन झालं. वय ६४. तीनच महिन्यांनी, मार्च १९५६ मध्ये, जोसेफीनही गेली.

१९६४ मध्ये ‘द ब्रिज वर्ल्ड’ने ब्रिजचं हॉल ऑफ फेम सुरू केलं. त्यात पहिली तीन नावं होती व्हँडरबिल्ट, कल्बर्टसन आणि गोरेन. एकाने गेम बोलण्याला किंमत आणली, दुसऱ्याने ती मोजायला शिकवलं आणि तिसऱ्याने मोजणं सोपं केलं. ऑनर ट्रिक आज फारसं कुणी मोजत नाही. पण १९२९ साली सुरू झालेलं ते मासिक अजूनही निघतं आणि दोनवर थांबावं की चार बोलावं, यावर त्यात आजही वाद रंगतात.